करवंदीची जाळी आणि माझी सही



मध्यंतरी डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे दीड-दोन महिने लिहिणं बंद होतं. आता डोळा उत्तम आहे. इतका उत्तम, की घरातले कोपरे किती अस्वच्छ आहेत ते दिसायला लागलंय! असो.

आजचा विषय घरचाच आहे. आमची निम्मी नातेवाईक मंडळी इथे येऊन वाचतात आणि वाचलं नाही असं दाखवतात, हे मला ठाऊक आहे. समोरासमोर बोलायला गेले की माझा आवाज चढतो (छत्तीस वर्षं वर्गात बोलल्याचा परिणाम), मग मुद्दा बाजूला राहतो आणि "काकू चिडल्या" एवढंच उरतं. म्हणून लिहितेय. बाकीच्या वाचकांनीही वाचावं, कारण असले निर्णय आता घरोघरी होताहेत.

सुधागड तालुक्यात सासरची सामाईक जमीन आहे, सव्वादोन एकर. सातबाऱ्यावर नऊ नावं, हे गेल्यापासून त्यात एक माझंही. आंब्याची अकरा झाडं, एक पडकी विहीर, थोडी वरकस. तीन बाजूंच्या बांधांवर करवंदीच्या जाळ्या आहेत. मामंजी सांगायचे की त्यांच्या वडिलांच्या आधीपासून त्या तिथेच आहेत. कोणी लावल्या? कोणीच नाही. बुलबुलांनी पेरल्या आणि पावसाने वाढवल्या.

आता ठरतंय असं, की जेसीबी आणून या जाळ्या मुळासकट काढायच्या आणि सिमेंटचे खांब रोवून चारही बाजूंनी तारेची जाळी लावायची. म्हणजे जाळी काढून जाळी! सगळ्यांची संमती म्हणून एक कागद फिरतोय. आठ सह्या झाल्या. नववी माझी राहिली आहे. पुतण्याने दोनदा फोन केला, "काकू, कुरिअर मिळालं ना?" मिळालं रे बाबा. टेबलावरच आहे.

सही का अडली, ते आता सांगते.

आधी करवंदीबद्दल थोडं, कारण ज्यांनी सह्या केल्या त्यातल्या निम्म्यांनी करवंदं फक्त काचेच्या बरणीत पाहिली आहेत. करवंद हे कण्हेरीच्या कुळातलं झुडूप. तगर, सदाफुली, सप्तपर्णी हीही त्याच कुळातली. पान तोडलं की पांढरा चीक येतो, ही या कुळाची खूण. कण्हेर विषारी, आणि तिच्या या भावंडाचं फळ मात्र आपण ओंजळीने खातो. संस्कृतात याला करमर्द म्हणतात. आपल्या सह्याद्रीतलं फळ लहान आणि पिकून काळं होणारं. उत्तरेकडे बागांमधून लावतात तो करौंदा आकाराने मोठा, पांढरट गुलाबी, चवीला आंबट, मुख्यतः लोणच्या-मुरंब्याचा. गोव्यात आपल्या काळ्या करवंदांना कांटां म्हणतात. नावातच काटा आला.

आणि काटे कसे? जोडीजोडीने येणारे, सरळ, कडक, सुईसारखे. पानं चिवट आणि बारा महिने हिरवी. चिकामुळे गुरं सहसा तोंड लावत नाहीत. म्हणजे कुंपणाला जे जे हवं ते सगळं या झाडात आधीपासूनच आहे. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये पांढऱ्या, जुईसारख्या फुलांचा वास बांधभर पसरतो. तारेच्या जाळीला आजवर फूल आलेलं मी पाहिलेलं नाही.

मे महिन्यात फळं पिकतात. आधी हिरवी, मग लालसर, मग काळीभोर. "डोंगरची काळी मैना" ही हाक ज्यांनी एसटीच्या खिडकीतून ऐकली आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. पळसाच्या पानाचा द्रोण, त्यात करवंदं, खाऊन झाल्यावर चिकट झालेले ओठ. करवंद दातांनी अर्धं तोडून आत बघायचं. लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी! या खेळात आम्ही भावंडं भांडण होईपर्यंत खायचो, आणि मग पोट दुखेपर्यंत.

स्वयंपाकघरातही हे झाड काही कमी कामाचं नाही. कच्ची करवंदं मार्च-एप्रिलमध्ये मिळतात. देठ काढून, वरवंट्याने हलकेच ठेचून, बिया काढून मिठाच्या पाण्यात टाकायची म्हणजे चीक निघून जातो. मग नेहमीचा मोहरीचा मसाला घालून लोणचं. कैरीच्या लोणच्यात मूठभर घातली तरी छान लागतात. ओलं खोबरं आणि हिरवी मिरची घालून चटणी करा, भाकरीबरोबर दुसरं काही लागणार नाही. पिकल्यावर सरबत, मुरंबा, जेली. फळात पेक्टिन भरपूर असल्यामुळे जेली आपोआप धरते, वेगळी पावडर घालावी लागत नाही. आणि एक गंमत सांगते. बेकरीतल्या केकवर जी लालभडक "चेरी" असते, ती आपल्याकडे बऱ्याचदा साखरेच्या पाकात मुरवून रंगवलेलं करवंदच असते. नातवाला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. वर्षानुवर्षं "आजी, करवंद नको, आंबट असतं" म्हणणारा मुलगा केकवरचं करवंद मात्र आधी उचलायचा!

असो. विषय कुंपणाचा आहे.

आमच्या बांधावरची करवंदं आम्ही कधीच सगळी काढली नाहीत. मामंजींच्या काळापासूनची रीत अशी की खालच्या कातकरवाडीतल्या बायका आणि मुलं येतात, बांधाच्या बाहेरच्या बाजूने आणि आतूनही काढतात, जाताना एक द्रोण ओटीवर ठेवून जातात. कोणी कोणाला विचारत नाही. सासूबाई त्यांना ताक द्यायच्या. हा काही करार नव्हता. रीत होती, एवढंच.

ही रीत कोणासाठी किती महत्त्वाची होती हे मला फार उशिरा कळलं. ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, म्हणून सांगते. यात माझी बाजू फारशी चांगली नाही.

१९८६ साली मी त्याच तालुक्यातल्या एका शाळेत सातवीला मराठी शिकवत होते आणि वर्गशिक्षिकाही होते. वर्गात कातकरी समाजातली एकच मुलगी होती. त्या वाडीतली बहुतेक कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला. परतायची ती थेट पावसाळ्याच्या तोंडावर. त्यामुळे मुलांच्या शाळेचं काय होत असेल ते सांगायला नको. या मुलीचे आईवडील गेले, पण तिला शाळेसाठी आजीजवळ ठेवून गेले. अक्षर सुरेख होतं तिचं. निबंध लिहायची तर दोन पानं सहज.

मार्चच्या शेवटापासून ती आठवड्यातून दोन-तीन दिवस गैरहजर राहू लागली. मी रागावले. तिसऱ्यांदा रागावले तेव्हा सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "शिकायचं नसेल तर नाव काढून टाक, जागा तरी रिकामी होईल." ती काही बोलली नाही. हात पाठीमागे घेऊन उभी राहिली. वार्षिक परीक्षेच्या दोन पेपरांना ती आलीच नाही, आणि जूनमध्ये शाळेत दिसली नाही.

त्याच आठवड्यात मी आठवडे बाजारातून लोणच्यासाठी कच्ची करवंदं घेतली होती. विकणारी म्हातारी दोन रुपयांना एक वाटा सांगत होती, मी घासाघीस करून तीन रुपयांत दोन वाटे घेतले. शिक्षकांच्या खोलीत माझ्या डब्यातल्या त्या लोणच्याचं कौतुक झालं होतं. बऱ्याच वर्षांनी, बदली होऊन आम्ही डोंबिवलीला आल्यानंतर, एका मे महिन्यात गावी गेले असताना ओटीवर द्रोण ठेवायला आलेल्या एका बाईने मला ओळखलं. तिने आजीचं नाव सांगितलं, मग स्वतःचं. मी विचारलं, "तू शाळा का सोडलीस गं?" ती हसली. म्हणाली, "बाई, आजीला दिसत नव्हतं नीट. काट्यात हात कोण घालणार? करवंदं मीच काढायची, आजी बाजारात बसायची."

म्हणजे ज्या दिवशी मी हजेरीपत्रकात तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं, त्या दिवशी ती माझ्या लोणच्याची करवंदं काढत होती. हात पाठीमागे का घेतले होते तेही तेव्हा कळलं. ओरखडे दिसू नयेत म्हणून.

मी तिला तेव्हाच विचारलं असतं तर? दोन वाक्यांचा प्रश्न होता. निबंध तपासताना मी "का?" असा शेरा लाल शाईने किती वेळा मारला असेल! हिला मात्र एकदाही विचारलं नाही.

या आठवणीचा कुंपणाशी काय संबंध, असं पुतण्या विचारेल. सांगते.

कातकरी हे महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित मानल्या गेलेल्या आदिवासी समूहांपैकी एक. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. जंगलं गेली, जंगलावर बंधनं आली, आणि तो धंदा संपला. बहुतेकांच्या नावावर जमीन नाही. भट्टीवर न गेलेली म्हातारी माणसं आणि लहान मुलं वाडीवर राहतात, आणि पावसाच्या आधीचे जे दोन महिने हाताला काही काम नसतं, नेमक्या त्याच महिन्यांत करवंदं, जांभळं, आळू येतात. बियाणं नको, खत नको, भांडवल नको. फक्त हात लागतात, आणि काटे सोसायची तयारी.

२००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातलं गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क आदिवासींना दिला. चांगलंच झालं. पण तो वनजमिनीपुरता. आमचा बांध खाजगी मालकीचा. तिथे कुठलाही कायदा त्या बाईच्या बाजूने उभा नाही. आहे ती फक्त रीत. कायदा मोडला तर निदान अर्ज करता येतो. रीत मोडली तर कोणाकडे जायचं? रीत मोडल्याचं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. एका मे महिन्यात बायका येतात, तार बघतात आणि मागे फिरतात. बस्स. आम्हाला कळणारही नाही, कारण आम्ही सगळे डोंबिवली, पुणे आणि न्यू जर्सीत.

एकट्या आमच्या बांधाने काय फरक पडतो, हाही प्रश्न रास्त आहे. पण द्रुतगती मार्ग झाल्यापासून त्या बाजूला काय चाललंय ते खोपोलीहून पालीला जाताना खिडकीतून बघा. टेकड्या सपाट करून प्लॉट पाडलेत, प्रत्येकाला भिंत किंवा तार, आणि आत पाणी पिणारी विलायती हिरवळ. प्रत्येक प्लॉटवाला म्हणतो, माझ्या एकट्याने काय होतं. फाटकावर पाटी मात्र "निसर्गाच्या कुशीत" अशी असते.

तरीही करवंदीचं कुंपण म्हटलं की ते आपोआप पुण्याचं काम होतं, असं मी म्हणणार नाही. याचं उलट उदाहरण इतिहासात आहे आणि ते मला बरेच दिवस छळतंय. इंग्रजांनी मिठावरचा कर चुकू नये म्हणून देशाच्या मधोमध जकातीची एक रेषा आखली होती. १८६९ च्या सुमारास ती सुमारे २,३०० मैल लांब होती आणि तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसांचा पहारा होता. तिच्या मोठ्या भागावर, पंजाबापासून बऱ्हाणपूरपर्यंत, काटेरी झाडांचं कुंपण केलेलं होतं. कुठे वाळल्या काट्यांचं, कुठे जिवंत. बाभूळ, बोर, निवडुंग... आणि करवंद. जिवंत कुंपणाच्या कामाला जोर दिला तो ॲलन ह्यूम या अधिकाऱ्याने. होय, तेच ह्यूम, ज्यांचं नाव १८८५ च्या काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात आपण शिकवायचो. मी हा धडा घेतला तेव्हा मला या कुंपणाचा पत्ताही नव्हता. १८७९ साली ही रेषा मोडीत निघाली आणि लोक ते कुंपण साफ विसरले. पुढे रॉय मॉक्सहॅम नावाच्या इंग्रज लेखकाने त्याचे अवशेष शोधत भारतभर भटकंती केली आणि २००१ साली त्यावर पुस्तक लिहिलं. मुलाने ते मला वाढदिवसाला दिलं होतं.

गरिबाच्या ताटातलं मीठ अडवायला करवंदच वापरलं! तेच फळ, तेच काटे. तेव्हा झाडाला मी गुण देत नाही. कुंपण कोणाला अडवायचं आणि कोणाला नाही, हे घालणाराच ठरवतो. आमच्या बांधावर गुरं अडली आणि माणसं अडली नाहीत, याचं कारण मामंजींनी आणि सासूबाईंनी ती अडवली नाहीत. तार लावल्यावरही फाटक उघडं ठेवता येईलच की, असं कोणी म्हणेल. येईल. पण झुडपंच काढल्यावर त्या उघड्या फाटकातून येऊन करायचं काय?

आता पुतण्याचे मुद्दे. तो काही वाईट मुलगा नाही. आजारपणात मला दवाखान्यात नेणारा तोच, आणि त्या जमिनीसाठी धावपळ करणाराही तो एकटाच. बाकीच्यांनी (माझ्यासकट) फक्त आंबे खाल्लेत. त्याचे मुद्दे चार आहेत.

पहिला, हद्द. शेजारचा बांध दरवर्षी वीतभर सरकतो अशी त्याला शंका आहे. शंका खरी असेल. पण त्याला उपाय सरकारी मोजणीचा. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची रक्कम भरून मोजणी करून घ्यावी, हद्दीचे दगड पक्के रोवावेत. मोजणी न करता तार लावली तर उद्या तारच चुकीच्या जागी आहे म्हणून भांडण होईल. आणि जुन्या जाळ्या म्हणजे उलट जुन्या वहिवाटीची खूण. ती आपल्याच हाताने का पुसायची?

दुसरा, आंब्यांची चोरी. चोर रस्त्याच्या बाजूने येतो, टेम्पो घेऊन. ती चौथी बाजू तशीही उघडीच आहे. तिथे जरूर तार लावा, फाटक लावा, कुलूपही लावा. माझी ना नाही. करवंदीच्या दाट जाळीतून आंब्याची पेटी घेऊन कोणी बाहेर पडून दाखवावं!

तिसरा, साप. जाळीत साप असतात हे खरं. ते तारेच्या कुंपणाबाहेर थांबतील असं मात्र नाही. बांधापासून घरापर्यंतचं गवत काढलेलं ठेवलं, रात्री विजेरी घेऊन फिरलं, की पुष्कळ झालं. आजवर आपल्याकडे तेच केलं जात होतं.

चौथा, जागा. जाळ्यांनी बांधाच्या आत तीन-चार हात जमीन खाल्ली आहे. हा मुद्दा मात्र मला मान्य आहे. छाटणी कित्येक वर्षांत झालेलीच नाही. फळं संपली की जूनमध्ये कोयत्याने आतल्या बाजूने छाटून घ्यावी. छाटलेली करवंद मरत नाही, उलट खालून फुटते आणि दाट होते.

आता माझा प्रस्ताव. मास्तरीण आहे, मुद्देसूद सांगते.

आधी मोजणी. मग रस्त्याच्या एका बाजूला तार आणि फाटक, त्याच्या खर्चात माझा वाटा मी देते. उरलेल्या तीन बाजूंच्या जाळ्या ठेवायच्या, छाटायच्या, आणि जिथे खिंडारं पडली आहेत तिथे नवी रोपं लावायची. ठेकेदाराच्या अंदाजात तीन बाजूंच्या तारेला जे पैसे धरलेत, त्यात पडकी विहीर बांधून होईल. आणि करवंदं काढायला येणाऱ्यांना कोणी अडवायचं नाही, हे एक वाक्य त्याच कागदावर लिहायचं. त्याला कायद्यात किती किंमत आहे ते वकिलांना विचारा. माझ्या लेखी त्याची किंमत एवढीच, की नऊ जणांनी ते वाचून खाली सही केलेली असेल. मग दहा वर्षांनी कोणी म्हणू शकणार नाही की आम्हाला माहीत नव्हतं.

असा कागद पाठवा, त्याच दिवशी सही करून परत पाठवते. आत्ताच्या कागदावर करणार नाही. रागावलात तरी चालेल. दिवाळीला फराळाला यायचंच आहे.

रोपं कशी करायची तेही सांगून ठेवते, कारण इथले बरेच वाचक गच्चीवर नाहीतर गावाकडे काही ना काही लावत असतात. पिकलेली करवंदं खाताना बिया थुंकायच्या त्या एका वाटीत थुंका. धुऊन सावलीत कोरड्या करा आणि पहिल्या पावसाबरोबर पिशव्यांमध्ये पेरा. पुढच्या वर्षासाठी डबीत भरून ठेवू नका, ठेवलेल्या बियांची उगवण फार लवकर कमी होते. रोप वर्षाचं झालं की पुढच्या पावसाळ्यात जमिनीत. कुंपणासाठी दोन-दोन फुटांवर. ऊन भरपूर हवं आणि पाणी साचणारी जागा नको, बाकी खडकाळ, मुरमाड काहीही चालतं. पहिले दोन उन्हाळे अधूनमधून पाणी द्यायचं, नंतर ते तुमच्याकडे काही मागत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरायला लागतं. घाई असेल आणि फळ मोठं हवं असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने "कोकण बोल्ड" नावाची जात काढली आहे, तिची कलमं लावा. माझ्या डोंबिवलीच्या गच्चीवर अर्ध्या पिंपात एक साधी रानातलीच करवंद आहे. गेल्या वर्षी सतरा करवंदं आली. मोजली, कारण सवय! तीन बुलबुलांनी खाल्ली, चौदा वटपौर्णिमेच्या वाणाला गेली.

घरात लहान मुलं असतील तर कुंड्या कडेला ठेवा. काटा मोडून आत राहिला तर फार ठणकतो. आणि बाजारात करवंदं घ्याल तेव्हा सांगेल ती किंमत द्या. मी आता घासाघीस करत नाही. गेल्या मे महिन्यात पालीच्या स्टँडबाहेर एका मुलीने द्रोणाचे वीस रुपये सांगितले, मी दिले, आणि विचारलं, "कितवीत आहेस?"

"आठवीत जाणार," म्हणाली. सुट्टी आहे म्हणून बसले, शाळा असली की आई बसते, हेही न विचारता सांगितलं. हातावर ओरखडे होते. लपवले नाहीत तिने.

तर मंडळी, मेच्या शेवटी मी गावाला जाणार आहे. बिया ज्यांना हव्या असतील त्यांनी परतल्यावर घरी यावं, रिकामा डबा आणावा. पुतण्या, तूही ये. येताना नवा कागद आण.